जाजमाआडचा यमन

मला गाणं आवडत नाही. असं सांगितलं की माणसं दयेनं बघतात, जणू मला एखादा अवयव कमी आहे. गाणं न आवडणारं माणूस असतं का, असंही विचारतात. असतं. तुमच्यासमोर बसलंय. लग्नाकार्यात कुणी पेटी काढली की मी उठून आत जाते आणि आत काही काम नसलं तर उगीच पाणी पिते. सुनेला वाटतं, मला कमी ऐकू येतं. ऐकू मला चांगलं येतं. एवढं चांगलं आलं नसतं तर आयुष्य जरा सुखाचं गेलं असतं.

आणि मला गाता येत नव्हतं म्हणून हा राग आहे, असं कुणी समजू नये. मला उत्तम गाता येत होतं. आमच्या शाळेत तेवढं कुणालाच येत नव्हतं. उगीच विनय दाखवण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

ही गोष्ट चाळीसनंतरच्या वर्षांतली. लढाई चालू होती, रॉकेलसाठी रांगा लागायच्या आणि आमच्यावर निजामाचं राज्य होतं. बार्शीकडं गेलं की इंग्रजी हद्द, अलीकडं आम्ही मोगलाईतले. माझं गाव भूमच्या बाजूला. जोंधळा, करडई आणि दगड, एवढंच तिथं पिकायचं. गावात मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. माझ्या वडलांनी मला शिकवलं ते काही पुढारलेल्या विचारांनी नव्हे. मी घरात फार वाद घालायची, तेव्हा कुठंतरी गुंतलेली बरी, असा त्यांचा हिशोब होता.

माझा हिशोब वेगळा होता. भूमच्या बाजारात मी लहानपणी एक उस्तानी बघितली होती. उस्तानी म्हणजे मुलींच्या शाळेतली मास्तरीण. ती पायात चपला घालून, हातात छत्री घेऊन भर बाजारातून चालत होती आणि माणसं तिला वाट देत होती. माझी आई बाजारात गेली तर वडलांच्या मागं दहा पावलं आणि अनवाणी. मला ती छत्री हवी होती. त्यासाठी मॅट्रिक व्हायला लागतं, असं कळलं, म्हणून मॅट्रिक व्हायचं ठरवलं. मावशी धाराशिवला होती. तिचे यजमान कचेरीत कारकून होते. तिच्याकडं राहून मी तिथल्या मुलींच्या एका शाळेत जायला लागले.

मला पोचवायला आले तेव्हा वडलांनी मावशीच्या ओसरीवर बसून अट घातली. "शिकतीस तर शीक. म्या न्हाय म्हनत न्हाय. पर येकदा का नापास झालीस, की म्या गाडी जुपून येनार. तवा रडायचं न्हाय. परांड्याचं स्थळ काय जन्मभर थांबनार न्हाय."

मी हो म्हणाले. नापास होण्याचा प्रश्नच नव्हता. उर्दूतून शिकावं लागायचं, तेही मला वर्षभरात जमलं. हिशेब, इतिहास, भूगोल, सगळं जमत होतं. पण मॅट्रिकला एक विषय निवडीचा होता. निवडीचा म्हणजे काय, तर कागदावर दोन विषय होते, फारसी आणि मौसिकी. मौसिकी म्हणजे गाणं. फारसी शिकवायला बाई मिळाली नव्हती आणि मुलींच्या वर्गात पुरुष येऊ शकत नव्हता. तेव्हा सगळ्यांनी आपल्या मर्जीनं गाणं निवडलं, असं लिहून घेण्यात आलं. एका विषयात गेलं की सगळ्यात गेलं, असा नियम होता. भूगोल जितका महत्त्वाचा, तितकाच यमन.

वडलांना हा विषय मी सांगितलाच नाही. गाणं म्हणजे आमच्याकडं दोनच गोष्टी, एक देवळातलं भजन आणि दुसरी कलावंतीण. मधलं काही असतं हे त्यांना पटवून देण्याची मला हौस नव्हती.

गाणं शिकवायला बाई आणल्या होत्या त्या सोलापूरकडच्या. तिकडं त्या कुणाकडं तरी शिकल्या होत्या. कुणाकडं, ते त्या दर वेळी वेगळं सांगत. अंगानं किडकिडीत, नाकात सदा तपकीर आणि बोलणं गोड. गोड बोलणाऱ्या माणसाशी माझं तेव्हापासून पटत नाही. त्यांची नोकरी कच्ची होती. निकाल चांगला लागला तर पक्की होणार, नाहीतर पुन्हा सोलापूर. हे त्या आम्हाला दिवसाआड ऐकवत, जणू त्यांना पोसण्यासाठीच आमचा जन्म झाला होता.

शिकवणं असं की मागच्या पडवीत आम्ही सातजणी भिंतीला पाठ लावून बसायचो. बाई पेटीवर बसायच्या. पेटीचा भाता फाटका होता, त्यामुळं सूर यायच्या आधी फुसफुस यायची. बाई सरगम म्हणायच्या, आम्ही ती पाठ करायचो. पाढे पाठ करतात तसा भूप पाठ, काफी पाठ, यमन पाठ. तीन राग झाले की अभ्यासक्रम संपला. शिवाय उर्दूतल्या पुस्तकातून व्याख्या. ठाट म्हणजे काय, वादी सूर म्हणजे काय, आरोही आणि अमरोही, म्हणजे आपला अवरोही, म्हणजे काय. बहुतेक मुलींना चढता सूर आणि उतरता सूर ऐकून ओळखता यायचा नाही, पण दोन्हींच्या व्याख्या धडाधड यायच्या. लेखी परीक्षेपुरतं ते पुरेसं होतं. तोंडी परीक्षेला मात्र प्रत्यक्ष गायचं होतं.

सातजणींपैकी गाता येणाऱ्या दोघीच. एक मी. दुसरी नळदुर्गची एक मुलगी. तिच्या घरी किल्ल्यापाशी अत्तर-सुरम्याचं दुकान होतं. आवाज माझ्याइतका मोकळा नव्हता, पण सुराला पक्की होती. वर्गात एकटी तीच मला माणूस वाटायची. बाकीच्यांत मुख्य म्हणजे अंमलदारांची मुलगी. अंमलदार बडे होते, त्यांच्या दारात शिपाई असायचा आणि शाळेच्या हेडबाई त्यांच्या मुलीला नावापुढं 'बी' लावून हाका मारायच्या. हजेरीत तिचा नंबर पहिला. माझा सातवा, कारण मी खेड्यातून उशिरा आलेली.

अंमलदारांची मुलगी माझ्याशी चांगली वागायची, हेही सांगून टाकते. तिच्या घरून सुरई यायची, त्यातलं पाणी मला द्यायची. पडदा लावलेल्या छकड्यातून ती घरी जायची तेव्हा मला मावशीच्या दारापर्यंत सोडायची. मला ती आवडायची सुद्धा. तिला गाता मात्र यायचं नाही. सा लावायला सांगितला की ती त्याच्या आसपास कुठंतरी लावायची आणि सगळ्यांकडं हसून बघायची. मोठ्या माणसांच्या मुली सूर चुकल्या तरी हसतात. आमच्यासारख्या चुकल्या की खाली बघतात.

तोंडी परीक्षा घ्यायला गुलबर्ग्याहून परीक्षक येणार, असं कळलं. ते पुरुष होते. तेव्हा परीक्षा पडद्याआडून. ते एका बाजूला बसणार, आम्ही दुसऱ्या बाजूला. ते नंबर पुकारणार आणि त्या नंबरची मुलगी आतून गाणार. चेहरा बघायचा प्रश्नच नाही. नाव घ्यायचं नाही. नुसता नंबर आणि आवाज.

हे ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी बाईंनी पडवीचं दार लोटून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, की पडद्याआडून कोण गातंय ते बाहेर दिसत नाही. प्रश्नांची उत्तरं जिची तिनं द्यायची. गाणं मात्र आमच्यापैकी एकीनं सगळ्यांचं गायचं. बोलण्याचा आवाज वेगळा असतो आणि गाण्याचा वेगळा, त्यामुळं काही कळत नाही. ही एक म्हणजे मी, हे त्यांनी न विचारताच ठरवलं होतं.

नळदुर्गची लगेच म्हणाली, "मेरा मैं गाऊंगी. दुसरों का नक्को." आणि मग माझ्याकडं वळून, "तू बी नक्को गा."

तिचं मी ऐकायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, निकाल वाईट लागला तर हा विषयच बंद होईल. मग तुझी मॅट्रिक कुठली? आणि तुला परीक्षेला बसू द्यायचं की नाही, ते मी हेडबाईंना सांगणार आहे." एवढं बोलून माझ्या गालाला हात लावला. तपकिरीचा वास आला. मला शाळा हवी होती, छत्री हवी होती. मी हो म्हणाले. त्यात मला आजही काही चूक दिसत नाही. ज्यांनी डाव मांडला त्यांनी लाजावं.

महिनाभर बाईंनी मला वेगवेगळे आवाज बसवून दिले. एकाच आवाजात सगळं गायलं तर परीक्षकाला संशय येणार. म्हणून तिसऱ्या नंबरसाठी नाकातून, चौथ्यासाठी लहान पोरीसारखा बारीक, पाचव्यासाठी घोगरा, सहाव्यासाठी पडसं झाल्यासारखा. मला हे सगळं जमायचं. मुली हसून लोळायच्या. मीही हसायची. पहिल्या नंबरसाठी कुठला आवाज, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "अंमलदारांची मुलगी आहे, तिचं बरं झालं पाहिजे. तिच्यासाठी तुझ्या मोकळ्या आवाजात गा." आणि माझ्यासाठी? बाई म्हणाल्या, "तुझं काय, तू शेवटी आहेस, तोवर त्यांच्या लक्षातही राहणार नाही."

ही अक्कल पस्तीस वर्षं गाणं केलेल्या बाईची.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत मधोमध दोरी बांधून तिच्यावर जाजम टाकलं होतं. जाड पडदा शाळेकडं नव्हता. बसायला अंथरायचं तेच जाजम, न झाडलेलं. सगळ्या आत शिंकत होत्या. बाई पेटी घेऊन आमच्या बाजूला बसल्या. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी घसा साफ केला. परीक्षकांचं मला आजवर एवढंच दर्शन झालेलं आहे.

"नंबर एक."

ठाटाची व्याख्या अंमलदारांच्या मुलीनं दिली. मग पलीकडून यमन गायला सांगितलं गेलं. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. बाईंनी सूर दिला आणि मी यमन गायले. काय गायले ते सांगते. त्याआधी मी तसं कधी गायले नव्हते आणि नंतर तर प्रश्नच आला नाही. पडवीत फाटक्या पेटीवर पाठ केलेली ती सरगम त्या दिवशी पहिल्यांदा गाणं झाली. मला स्वतःलाच नवल वाटलं. पलीकडं खुर्ची हलायची थांबली. माझं संपल्यावर तिकडून आवाज आला, "माशाअल्ला. बहोत खूब, बेटी." अंमलदारांच्या मुलीनं हळूच माझा हात दाबला.

दुसऱ्या नंबरला नळदुर्गची आपलं आपण गायली. सरळ गायली आणि पार पडली. मग तिसरीसाठी मी नाकातून गायले, चौथीसाठी बारीक, पाचवीसाठी घोगरी, सहावीसाठी पडशातून. पलीकडून "ठीक है", "ठीक है" येत होतं. घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यायला मध्ये सवड नव्हती. बाई मान डोलावत होत्या. त्यांना नोकरी पक्की झाल्यासारखी दिसत होती.

"नंबर सात."

व्याख्या मी दिल्या. एकही चुकली नाही. मग त्यांनी भूप सांगितला. मी माझ्या आवाजात भूप गायला सुरुवात केली. माझा म्हणून तोच तर एक आवाज होता. आरोह पुरा व्हायच्या आत पलीकडून हाताचा टाळीसारखा आवाज आला.

"रुकिए. ये तो नंबर एक की आवाज है."

मी थांबले. बाईंचा हात पेटीवर तसाच राहिला.

"नंबर सात, आप खुद गाइए."

मी पुन्हा गायले. दुसरं काय करणार? "फिर वही," ते म्हणाले, आणि आता आवाजात राग होता. बाई मला खुणा करायला लागल्या, नाकाला हात लावून दाखवायला लागल्या, नाकातून गा म्हणून. पण नाकातला आवाज मी तिसरीला देऊन टाकला होता. बारीक चौथीला, घोगरा पाचवीला. माझ्याकडं मला म्हणून काही शिल्लकच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही.

"नंबर एक," परीक्षक म्हणाले, "बेटी, सच बताइए. इसके लिए आप गा रही थीं?"

मी तिच्याकडं बघितलं. अजूनही वेळ होती. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मला काहीच माहीत नाही, म्हणाली असती तरी चाललं असतं. ती माझ्याकडं न बघता जाजमाकडं बघत म्हणाली, "जी."

"क्यों?"

"इसको गाना नहीं आता."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की क्षणभर मलाच वाटलं, आपल्याला येत नाही की काय.

मी बोलायला गेले तर बाईंनी माझ्या मांडीचं मांस चिमटीत धरून पिळलं. तो डाग पुढं पंधरा दिवस हिरवा होता. खरं बोलले असते तर आम्ही सगळ्याच बुडालो असतो, हे मला त्या चिमट्यावाचूनही कळत होतं. नळदुर्गची तेवढी माझ्याकडं बघत होती. बाकीच्या आपापल्या ओढण्यांशी, पदरांशी खेळत होत्या. पलीकडं परीक्षक जरा हसले आणि म्हणाले, की मुलीचं मन चांगलं आहे, मैत्रिणीसाठी गायली. या खेपेला तिला माफ. पण नंबर सातला फसवणुकीबद्दल नापास करावं लागेल आणि पुन्हा बसू द्यायचं की नाही, ते वरून ठरेल.

निकाल लागला. सहाजणी पास. अंमलदारांची मुलगी गाण्यात पहिली आली. मी बाकीच्या सगळ्या विषयांत पास आणि गाण्यात नापास, म्हणजे सगळ्यात नापास. बाईंची नोकरी पक्की झाली.

वडील आले, गाडी जुंपूनच आले. मावशीनं त्यांना सगळं खरं सांगितलं, मीच तिला सांगायला लावलं होतं. वाटलं होतं, खरं ऐकून तरी त्यांचा जीव माझ्याकडं वळेल. त्यांनी बैलांपुढची वैरण सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजी परक्या मानसाम्होरं गायलीस. येकदा न्हाय, धा बार गायलीस. आन् वर नापास झालीस." खोटं सांगितलं असतं तर नुसती नापास ठरले असते. खरं सांगून दोन्हीकडून गेले.

त्याच संध्याकाळी बाई आल्या. मावशीच्या ओसरीवर वडलांपुढं पदर सावरून, गोड गोड बोलत बसल्या. त्या म्हणाल्या, की अंमलदारसाहेबांची बढतीवर बदली झाली आहे. त्यांच्या बंगल्यावर मेजवानी आहे, मोठे मोठे अधिकारी येणार आहेत. साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, की आमची मुलगी गाण्यात पहिली आली आणि त्या दिवशी पडद्याआडून यमन गाणार आहे. आता तिला तर येत नाही. मी तिच्याशेजारी बसून गायलं तर साहेब वर शब्द टाकतील, माझ्यावरचा ठपका निघेल आणि पुढल्या खेपेला मला परीक्षेला बसता येईल.

वडलांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काठी उचलतात. पण ते थकल्यासारखे म्हणाले, "सायबाचा शबुद आसंल तर ऱ्हा आनखी येक साल. पर ह्ये श्येवटचं गानं."

शेवटचं तर शेवटचं. मी गाणारच होते. हे नीट लक्षात ठेवा. मी काही सूड मनात धरून गेले नव्हते. मला शाळेत परत जायचं होतं आणि त्यासाठी मी परक्याच काय, सैतानापुढंही यमन गायले असते. वडील मेजवानीपर्यंत थांबले आणि मावशीकडं मी रोज घोकत होते. गरम पाणी पीत होते.

बंगल्यावर दिवेलागणीच्या सुमाराला माणसं जमली. बाहेर चौकात पुरुष, आत दिवाणखान्यात बायका, मध्ये चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा. आतल्या सगळ्या बायकांना खरं माहीत होतं. त्यांच्यापासून काही लपवायचं नव्हतं. अंमलदारांच्या मुलीनं अंजिरी रंगाचा शालू नेसला होता. मला बघून तिनं जवळ बोलावलं, बसायला गादीवर जागा केली आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. मला किती धास्ती वाटत होती." जणू आमच्यात काही घडलंच नव्हतं. बाईंनी पेटी उघडली. पेटी बंगल्यातली होती, नवीकोरी, भाता धड.

तेवढ्यात बाहेर अंमलदारसाहेब पाहुण्यांना सांगायला लागले. आमची मुलगी किती मनानं मोठी आहे, ते सांगत होते. परीक्षेत वर्गातल्या एका खेडवळ पोरीला गाता येईना, तर हिनं आपला नंबर धोक्यात घालून तिच्यासाठी गायलं. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर माणसं वाहवा करायला लागली. कुणीतरी विचारलं, मग त्या पोरीचं काय झालं? साहेब म्हणाले, "गेली असेल गावाकडं, शेण थापायला." सगळे हसले.

मी अंमलदारांच्या मुलीकडं बघितलं. वाटलं, निदान आता तरी तिची मान खाली जाईल. मान खाली गेलीच, पण लाजून. स्तुती झाली की पोरी लाजतात तशी. तिला ती गोष्ट खरी वाटायला लागली होती.

बाईंनी सूर दिला. मी तोंड मिटलं.

बाईंनी पुन्हा सूर दिला. मांडीला हात आला, मी तो बाजूला केला. अंमलदारांच्या मुलीच्या आईनं डोळे मोठे केले. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, तुझं सगळं आयुष्य आहे यात." ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माझी छत्री, माझ्या चपला, परांड्याचं न बघितलेलं स्थळ, सगळं मला तिथं बसल्या जागी स्वच्छ दिसत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. मला वाटत होतं, आता कळू दे सगळ्यांना. आता हिला गाऊ दे आणि बाहेरच्यांना ऐकू दे, की यमन कुणाचा होता.

आणि ती गायली. दुसरा इलाजच नव्हता. सा लागला नाही, तीव्र मध्यम कुठं गेला देव जाणे. मध्येच तिचा श्वास संपला, मध्येच ती सरगम विसरली आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. मी डोळे मिटून वाट बघत होते. गाणं संपलं.

बाहेर टाळ्या पडल्या. "वाह वाह" झाली. कुणीतरी म्हणालं, काय आवाज आहे. परत गायची फर्माईशसुद्धा झाली. गुलबर्ग्याहून खास बोलावलेले परीक्षकसाहेब बाहेरच बसले होते, हे मला तेव्हा कळलं, कारण तोच आवाज आला, "माशाअल्ला. बहोत खूब, बेटी."

बाई पेटी बंद करताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता उद्या गाडीत बस." मी दुसऱ्या दिवशी बसले.

पण त्या क्षणी मला गाडी आठवत नव्हती. अंमलदारांची मुलगी माझ्याकडं वळली होती. तिचा चेहरा फुलला होता, डोळ्यांत पाणी होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ऐकलंस? मला येतं. उगीच तुला त्रास दिला." ती खोटं बोलत नव्हती. तिचा तो आनंद अगदी खरा होता आणि तो मला आजवर सहन झालेला नाही.